न विचारता दिलेलं बंदर

बाईंना राग येतो, ही गोष्ट त्या इमारतीत एकोणीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हती. खुद्द बाईंनाही ती जेमतेमच ठाऊक असावी.

दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावरच्या अरुंद खोलीत बसून त्या लोकांचे दात करत. पूर्ण कवळ्या, एकेकट्या दातावरच्या टोप्या, असं सगळं. खाली पहिल्या मजल्यावर दातांचे मोठे डॉक्टर पेशंटच्या तोंडातून माप काढत. ते माप ट्रेमध्ये ठेवून सिस्टर वर आणून देत. मग बाई त्यात प्लॅस्टर ओतून हिरड्यांचा ठसा काढत, मेणात एकेक दात बसवत, आणि वरचा-खालचा जबडा बिजागरीवर उघडून-मिटून पाहत. खोलीला एक खिडकी होती. टेबलावर बर्नर, शेजारी घासायचं यंत्र, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे तीनशेएक जबडे ओळीनं मांडलेले. सासरे एकदा खोली बघायला आले, तेव्हा दारातच थांबून म्हणाले, "सूनबाई, एवढी माणसं तुझ्याकडे बघून हसतायत, आणि तू आपली गंभीर!"

या धंद्यात एक रीत आहे. माप बिघडलेलं असेल तर कारागिरानं ते चिठ्ठी लावून परत पाठवायचं: माप पुन्हा घ्यावं. त्यात कुणाचा अपमान नसतो. बाईंनी मात्र मोठ्या डॉक्टरांचं एकही माप कधी परत पाठवलं नव्हतं. नव्या होत्या तेव्हा या कामात बाईमाणूस कुणी ठेवून घेत नव्हतं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, वर स्वतःची रिकामी खोली दिली. त्या उपकाराचं ओझं बाईंनी इमानानं वाहिलं. मापाची कड तुटलेली आली, की त्या अंदाजानं कोरून भरून काढत. हात इतका तयार, की अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे. डॉक्टरांना वाटे, आपली मापं उत्तम येतात. वयाबरोबर त्यांची घाई वाढत गेली, आणि बाईंचं कोरणंही.

खेळात त्या आल्या त्याही अशाच, कुणाची तरी उणी जागा भरायला.

दुपारच्या सुट्टीत डॉक्टर, तळमजल्यावरचा चष्मेवाला, शेजारचा औषधवाला आणि समोरचे बाळांचे डॉक्टर मिळून फोनवर एक राज्यांचा खेळ खेळत. पाच राजे, एक नकाशा. प्रत्येकानं दिवसातून एकच खेळी करायची. पाचही जणांनी 'खेळी पूर्ण' दाबलं, की खेळातलं एक वर्ष पुढे सरकायचं. पाचवा भिडू मिळत नव्हता. तेव्हा डॉक्टर वर निरोप धाडून बाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही नुसतं नाव द्या. माझे मांडलिक व्हा. मी सांगेन ते बटण दाबायचं, की झालं. डोक्याला ताप नाही."

बाईंनी नाव दिलं. मग डबा खाता खाता खेळाचे नियम वाचून काढले. सगळे. हे काम त्या पाचांपैकी दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं.

नियमांप्रमाणे मांडलिकानं स्वामीला धान्याचा पाचवा हिस्सा द्यायचा, लढाईत फौज द्यायची, आणि परस्पर कुणाशी तह करायचा नाही. बदल्यात स्वामीनं त्याचं रक्षण करायचं. डॉक्टरांच्या पदरी बाईंखेरीज आणखी तीन छोटी राज्यं होती. डोंगरातलं, दलदलीतलं आणि बेटावरचं. ती कुणी माणूस खेळत नव्हता, खेळ स्वतःच चालवायचा. पण त्यांना रुसवेफुगवे माणसांइतकेच होते. डोंगरवाल्यांना चाळीस वर्षांपूर्वी एका लढाईत पहिल्या फळीत उभं केलं होतं, ते ते विसरले नव्हते. दलदलवाल्यांना भेट उशिरा पोचली की ते मिठागरं बंद करत. बेटवाले नेहमी घाबरलेले. त्यांचं सगळं धान्य बाहेरून यायचं.

डॉक्टरांना लढाया आवडत, पत्रं लिहायचा कंटाळा. त्यांनी बाईंना आपला वकील नेमलं. बाईंनी एक वही सुरू केली. कुणाला काय दुखलंय, कुणाला काय कबूल केलंय, कुणाकडे भेट कधी गेली, हे त्या मेण थंड होईपर्यंतच्या वेळात लिहून ठेवत. चष्मेवाला स्तुतीनं विरघळतो आणि औषधवाला एकटं पडायला भितो, हेही त्यांनी टिपलं होतं. दीडशे वर्षं डॉक्टरांचं साम्राज्य शाबूत राहिलं, आणि डॉक्टर चहावर सांगत, "दरारा लागतो दरारा."

स्वतःसाठी बाईंनी एकच गोष्ट केली. आपल्या चिमुकल्या राज्याच्या टोकाला, उजाड खडकावर, त्यांनी बंदर बांधायला घेतलं. आधी धक्का. मग कोठार, तटबंदी, जहाजांचा कारखाना, शेवटी दीपगृह. बासष्ट खेळ्या लागल्या. बेटवाल्यांना लागणारं धान्य याच बंदरातून जायचं.

एका गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी ॲप्रन चढवला, बर्नर पेटवला आणि रोजच्यासारखी खेळी करायला फोन उघडला. नकाशावर बंदर पिवळं दिसत होतं. पिवळा रंग चष्मेवाल्याचा. आधी वाटलं, चष्मा पुसायला हवा. पुसला. बंदर पिवळंच. मग निरोप उघडला: आपल्या स्वामींनी तहात हे शहर पिवळ्या राज्यास दिले आहे. खाली एकच बटण होतं: 'समजले'.

मान्य आहे का, असं कुठे विचारलेलंच नव्हतं. बाईंनी तो निरोप तीनदा वाचला. बर्नरवर ठेवलेलं मेण उतू जाऊन टेबलावर सांडलं, तेव्हा त्या भानावर आल्या.

चहाच्या वेळी त्या खाली गेल्या. डॉक्टर आणि चष्मेवाला खुर्चीला खुर्ची लावून बसले होते.

"डॉक्टर, माझं बंदर गेलं."

"हां हां, ते! तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. लढाई जरा अंगाशी आली होती हो. काल संध्याकाळी यांच्याशी तह करून टाकला. एक बंदर दिलं, दोन किल्ले वाचले. कशी आहे चाल?"

"दीपगृह काय सुरेख बांधलंय बाई तुम्ही," चष्मेवाला म्हणाला. "आमची प्रजा खूश आहे."

"किल्ले तुमचे वाचले, डॉक्टर. बंदर माझं गेलं."

"तुमचं-आमचं काय त्यात, बाई? राज्य एकच ना?"

"एकच असतं तर एक किल्ला दिला असतात."

चष्मेवाल्याला ठसका लागला. "डॉक्टर, सांभाळा! मांडलिक तोंड वर करून बोलायला लागला."

डॉक्टर हसले. वाईट हसले असं नाही. लहान मूल खेळण्यासाठी रडतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसे. "अहो बाई, खेळ आहे हो. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. तुम्हाला दुसरं देऊ काहीतरी. ती दलदल घ्या हवं तर."

"दलदलवाल्यांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं?" डॉक्टर म्हणाले, आणि ते खरोखर नवल वाटून म्हणाले.

इतक्यात सिस्टर दारात आल्या. त्या या दवाखान्यात बाईंच्याही आधीपासूनच्या. डोळ्यांत बघून बोलणाऱ्या. "डॉक्टर, भाजीवाल्या आजी आल्यात. कवळी हातात घेऊन."

आजी बाजारात भाजीच्या गाळ्यावर बसत. पंधरवड्यापूर्वी त्यांना नवी कवळी दिली होती. ती आता त्यांनी टेबलावर आपटली. "हे तुमचं सामान. गिऱ्हाइकाला हाक मारली की वरची खाली येते. चार दिवसांत तीनदा वांग्यांवर पडली. लोक वांगी घ्यायचे थांबलेत."

डॉक्टरांनी कवळी उलटसुलट केली. "आजी, माप आमचं चोख होतं. आता वर कारागिराच्या हाताकडून होतं कधी कधी मागंपुढं. या बाई, पुढे या. या बघा, यांनीच केलीय. सांगा त्यांना काय त्रास होतो ते."

आजींनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू होय? बये, कधी दुसऱ्याच्या तोंडाचा विचार करतेस का?"

"दुरुस्त करून देते, आजी," बाई म्हणाल्या, आणि कवळी घेऊन जिना चढू लागल्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो त्यांनी एकोणीस वर्षं खाल्ला होता. पण आज पहिल्यांदा लागला. कानशिलं तापली होती. वर जाऊन त्यांनी फळीवरून आजींचा ठसा काढला आणि त्यामागे ठेवलेलं मूळ मापही शोधलं. उजवीकडची मागची कड अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत उमटलीच नव्हती. पेस्ट घट्ट व्हायच्या आत ट्रे ओढला की अशीच जाते. त्या जागी बाईंनी नेहमीप्रमाणे हिरडी कोरून काढली होती. अंदाज या वेळी चुकला होता.

आता राग कुणाकुणाचा करावा हे त्यांना कळेना. डॉक्टरांचा होताच. चष्मेवाल्याच्या त्या ठसक्याचाही होता. पण सगळ्यांत जास्त स्वतःचा होता. कसंही माप दिलं तरी चालतं, हे डॉक्टरांना शिकवलं कुणी? आणि आता आजी बाजारात चार लोकांना सांगणार, ती वरची बाई आहे ना, तिच्या हातात कसब नाही. एवढं एक नाव तर कमावलं होतं.

संध्याकाळी घरी सासरे टेबलाशी मटार सोलत होते. बाईंचा नवरा पाण्याचे मीटर वाचण्याच्या कामावर होता. तो नुकताच येऊन ओले बूट काढत होता. बाईंनी पातेलं असं ठेवलं, की दोघांनीही माना वर केल्या.

"काय झालं गं?" नवरा म्हणाला.

बाईंनी सांगितलं. आधी बंदराचं, मग आजींचं.

"खेळातल्या बंदरावरून एवढी चिडलीस?"

"बंदरावरून नाही."

"मग?"

"खेळच होता ना? मग विचारायला काय पडलं होतं? खेळातसुद्धा विचारावंसं वाटत नाही, तर खऱ्यात काय वाटणार?"

सासऱ्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली. "म्हणजे भांडले ते, आणि बंदर तुझं गेलं? आयजीच्या जिवावर बायजी उदार!" मग त्यांनी आपल्या दातांवर बोट वाजवलं. "ही कवळी तुझ्याच हातची. अकरा वर्षं झाली. हलली का कधी? हात तोच आहे ना?"

"हात तोच आहे, बाबा. माप त्यांचंच होतं. पण तेव्हा ते घाई करत नव्हते." रागातही बाईंना खोटं बोलता येत नव्हतं.

नवरा ओले बूट दाराशी ठेवून आला. मग हळूच म्हणाला, "खोली त्यांची आहे. दहातली आठ कामं त्यांची. उद्या म्हणाले, उठा, तर बसशील कुठे?"

तोच विचार बाई दुपारपासून करत होत्या. "इथे बसेन. स्वयंपाकघरात बर्नर लावीन."

"लाव," सासरे म्हणाले. "एका शेगडीवर भाजी, एकीवर दात. फक्त ढवळताना बघून ढवळ."

नवऱ्याला हसू आलं. बाईंना आलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी खेळ उघडला. मांडलिकाच्या पानावर अगदी तळाशी एक ओळ होती, जिच्यावर आजवर त्यांचं बोट गेलं नव्हतं: स्वामित्व नाकारा. त्यांनी ती दाबली. खेळानं विचारलं, तुमची खात्री आहे का? यानं तरी विचारलं, असं मनाशी म्हणत बाईंनी 'हो' दाबलं. त्यांना भ्रम काही नव्हता. फौज मूठभर, बंदर गेलेलं, शेजारी चष्मेवाला. तीन खेळ्यांत आपण नकाशावरून पुसले जाऊ, असा त्यांचा हिशेब होता.

दुपारी पाचव्या भिडूनं खेळी पूर्ण केली आणि वर्ष उलटलं. सगळ्यांत आधी बेटवाले फुटले. बंदर गेल्यामुळे त्यांच्याकडे धान्यच पोचलं नव्हतं. मग दलदलवाले. मग डोंगरवाले. खेळाच्या नियमात होतं, की वकील ज्या राज्याचा, सलोख्याचा मोठा वाटा त्या राज्याच्या नावावर जमा. दीडशे वर्षांचा सगळा सलोखा बाईंच्या नावावर होता, आणि हे डॉक्टरांनी कधी वाचलंच नव्हतं. तिन्ही राज्यांच्या निरोपात कारण एकच दिलेलं होतं: आमच्या वतीने बोलणारे आता कोणी उरले नाही.

डॉक्टरांकडे दोन किल्ले राहिले. तेच, जे वाचवले होते.

पाच मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर वर आले. चार वर्षांत ते वर आले नव्हते. धाप लागली होती, चेहरा लाल.

"बाई, हे काय केलंत तुम्ही? माझी तिन्ही राज्यं फुटली! तुम्ही फितवलंत त्यांना!"

'खेळ आहे हो', हे शब्द बाईंच्या जिभेच्या टोकाशी आले होते. त्यांनी ते गिळले. एवढ्या स्वस्तात त्यांना डॉक्टरांना सोडायचं नव्हतं.

"मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. तुम्ही किती बोललात ते सांगा. डोंगरवाल्यांना शेवटचं पत्र कधी लिहिलंत?"

"पत्रं तुम्हीच लिहायचात ना!"

"हो. मीच लिहायची."

डॉक्टर काही बोलणार, तोच बाईंनी आजींचं माप त्यांच्या हातात ठेवलं. "हे जरा बघा. उजवीकडची मागची कड."

"काय आहे तिथे?"

"काही नाही तिथे. तेच दाखवतेय. पेस्ट घट्ट व्हायच्या आत तुम्ही ट्रे ओढलात. ती जागा मी अंदाजानं कोरली. गेल्या महिन्यात अशा चौदा जागा कोरल्या."

"मग तेव्हाच सांगायचं होतं!"

"सांगायला हवं होतं. ती चूक माझी. पण काल आजींना तुम्ही जी सांगितलीत ती माझी नाही."

"पेशंटसमोर मी काय सांगणार होतो?"

"खरं." बाईंचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून फळीवरच्या तीनशे जबड्यांनीही तोंडं मिटून घ्यावीत असं झालं. "आजींना बोलवा. माप पुन्हा घ्या. आणि कड कुणाच्या घाईनं गेली, ते त्यांना तुम्ही स्वतः सांगा. तोवर तुमचं एकही काम मी हातात घेणार नाही."

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. "ही खोली कुणाची आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर बोलायला एकोणीस वर्षं लागली."

डॉक्टर आले तसे खाली गेले. माप मात्र त्यांच्या हातातच राहिलं.

पुढचे दहा दिवस वर ट्रे आला नाही. दुसऱ्या दोन दवाखान्यांची किरकोळ कामं होती, ती दोन दिवसांत संपली. बाईंनी फळ्या पुसल्या. यंत्राला तेल दिलं. टेबल इतकं घासलं, की त्यावरचा जुना मेणाचा डाग निघून लाकूड पांढरं पडलं. त्यांना भीती वाटत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी कुलूप उघडताना रोज वाटे, आज किल्ली फिरणार नाही. पण भीतीच्या खाली राग तसाच धगधगत होता, आणि त्याच्या उबेवर त्या रोज नऊला येऊन बसत.

मधेच एकदा चष्मेवाला जिन्यात भेटला. "बाई, आमचे मांडलिक व्हा. बंदर परत देतो."

"माझंच बंदर मला बक्षीस?"

"अहो, दीपगृहासकट!"

"दिवा लावत जा त्यात. अंधारात आहात," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. खेळात त्या अजून पुसल्या गेल्या नव्हत्या. तिन्ही छोट्या राज्यांनी त्यांच्याकडे वकील धाडले होते: आम्हाला पदरी घ्या. बाईंनी कुणाला पदरी घेतलं नाही. चौघांत मैत्रीचा तह केला, खंडणी कुणी कुणाला द्यायची नाही असा.

अकराव्या दिवशी सिस्टर वर आल्या, रिकाम्या हातानं, पण चेहरा भरलेला. दार लोटून स्टुलावर बसल्या.

"पुलापलीकडच्या मोठ्या लॅबला सहा मापं पाठवली होती त्यांनी. चार परत आली. चिठ्ठ्या लावून. माप पुन्हा घ्यावं, कड अपुरी. माप पुन्हा घ्यावं, बुडबुडा आहे. मी एकेक मोठ्यानं वाचली. मुद्दाम."

"काय म्हणाले?"

"पहिलीला म्हणाले, मूर्ख आहेत. दुसरीला म्हणाले, सिस्टर, दार लावा. तिसरी माझ्या हातातून घेऊन खिशात घातली."

"आणि चौथीला?"

"चौथी मी वाचलीच नाही. माणूस आहे हो शेवटी." सिस्टर उठल्या. "उद्या अकराला आजींना बोलावलंय. तुम्हाला खाली या म्हणालेत. म्हणजे, येता का, असं विचारा म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी आजी खुर्चीत बसल्या होत्या, आ वासून. डॉक्टरांनी पेस्ट कालवली, ट्रे बसवला, धरून ठेवला. बाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या. पेस्ट घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. दुसरं मिनिट अर्धं झालं असेल, तेव्हा डॉक्टर समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आजी, मागचं माप मी घाईत काढलं होतं. कवळी त्यामुळे बिघडली. बाईंची चूक नव्हती."

आजींच्या भुवया वर गेल्या. तोंडात ट्रे, बोलणार कशा? डॉक्टरांनी वेळ बरोबर साधली होती, आणि ते बाईंच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही. त्यांनी दातओठ खाल्ले.

तीन मिनिटं झाली. ट्रे निघाला. आजींनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "काय म्हणालात मघाशी? परत सांगा. नीट ऐकू आलं नाही."

"कान तर मोकळे होते, आजी."

"माझे कान तोंडातून ऐकतात. सांगा."

सिस्टर कपाटात काहीतरी शोधू लागल्या. डॉक्टरांनी एकदा आजींकडे पाहिलं, मग बाईंकडे. "माप मी बिघडवलं होतं," ते म्हणाले. "यांनी नाही."

"हां." आजी बाईंकडे वळल्या. "तुला त्या दिवशी मी टाकून बोलले. तू तरी का गप्प बसलीस? मी असते तर गाळा डोक्यावर घेतला असता."

"आता घेतला, आजी," बाई म्हणाल्या.

आजी गेल्यावर डॉक्टर हात धूत म्हणाले, "झालं समाधान?"

"नाही."

"अजून काय हवंय?"

"काही नको. राग आहे. तो राहील काही दिवस. कामाच्या आड येणार नाही." बाईंनी नवं माप उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं. चारी कडा पुऱ्या होत्या. आपले हे डॉक्टर मनात आणलं तर इतकं चांगलं माप काढतात, हे बघून त्यांना बरं वाटायला हवं होतं. उलट आणखीच चीड आली.

सोमवारी सिस्टरनी ट्रे आणला. पाच मापं. बाईंनी एकेक उचललं, खिडकीशी नेलं. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्याची पुढची कड ओढली गेली होती. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी. इतकी तर त्या डोळे मिटून कोरू शकल्या असत्या. बोटं सवयीनं कोरणीकडे गेलीही. कोरणी हातात आली, आणि कानशिलं पुन्हा तापली. त्यांनी कोरणी खाली ठेवली. चिठ्ठ्या छापलेल्या नव्हत्याच कधी. वहीचं एक पान फाडून त्यांनी लिहिलं: माप पुन्हा घ्यावं.

"एवढ्याशा कडेसाठी?" सिस्टर म्हणाल्या. "नक्की?"

"नक्की."

सिस्टर चिठ्ठी आणि माप घेऊन खाली उतरल्या. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दवाखान्याचं दार उघडलं. मग डॉक्टरांचा त्रासलेला, मोठा आवाज जिन्यातून वर आला: "सिस्टर, त्यांना फोन करा. उद्या पुन्हा यायला सांगा."

बाईंनी दार लोटलं. चार मापं चांगली होती. त्यांनी प्लॅस्टर कालवायला घेतलं.